कोसळणाऱ्या संगणकाची जबानी



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि विद्वानांनी केवळ विद्वानांच्या मेळ्यात न रमता सामान्य नागरिकांसमोर येऊन आपल्या विद्येचा हिशेब द्यावा, असा एक उत्तम प्रघात महाराष्ट्रात रूढ झाला. आपली ही स्मृतिमाला त्याच परंपरेतील होय. या व्यासपीठावरून इतिहास, काव्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांचा परामर्श घेतला जावा हे रास्तच आहे. आणि त्यांच्या पंक्तीस ‘नेटवर्क ड्रायव्हरच्या दोषामुळे संगणक वारंवार का कोसळतो’ हा विषय आणून बसविला, तर तो कोणास दुरुस्तीच्या दुकानातला वाटेल, हेही मी जाणून आहे. तथापि ज्या काळी सातबाराचा उतारा, बँकेतील शिल्लक, परीक्षेचा निकाल आणि रुग्णालयातील केसपेपर यांपैकी बहुतेक कागद संगणकाच्या संमतीवाचून हाती पडत नाहीत, त्या काळी संगणक का थांबतो आणि थांबल्यावर त्याची चौकशी कोणत्या रीतीने करावी, हा प्रश्न कारागिराच्या कक्षेतून निघून नागरिकांच्या कक्षेत आलेला आहे.

समजा, तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. दुपारची वेळ, खिडकीपुढे रांग, आणि कारकून एका खातेदाराची रक्कम जमा करीत असता त्याच्यापुढील पडदा एकाएकी निळा होतो, त्यावर इंग्रजीत चार ओळी उमटतात, आणि त्या वाचून होण्याच्या आतच यंत्र आपले आपण पुन्हा सुरू होते. परवा असेच झाले होते, उद्याही होईल. मग चर्चेला ऊत येतो. कोणी विजेच्या दाबाला बोल लावतो, कोणी व्हायरसला; कोणी म्हणतो यंत्र जुने झाले, ते भंगारात काढा; आणि जो सर्वांत अनुभवी समजला जातो तो ‘विंडोज नव्याने टाका’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. या साऱ्या मतांत एक गोष्ट समान आहे, ती ही की, त्यांपैकी कोणीही यंत्र थांबताना काय म्हणाले हे ऐकून घेतलेले नाही. आरोपी ठरला, शिक्षा ठरली, आणि घटनास्थळी हजर असलेल्या एकमेव साक्षीदाराची जबानी मात्र नोंदविली गेली नाही. आजच्या व्याख्यानात मला जे काही सांगावयाचे आहे ते या एका त्रुटीभोवतीच फिरणारे आहे: संगणकाचे कोसळणे ही एक साक्ष असते, आणि ती पुराव्याच्या शिस्तीने वाचली तरच दोष खऱ्या धन्याच्या पदरात पडतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, तो निळा पडदा हा अपघात नसून कार्यप्रणालीने बुद्धिपुरस्सर घेतलेला निर्णय असतो. आपल्या गाभ्यातील स्मृती अनधिकृत रीतीने हाताळली गेली आहे, आणि यापुढे जे काही लिहिले जाईल ते खरे असेलच याची हमी देता येत नाही, असे जेव्हा प्रणालीच्या प्रत्ययास येते, तेव्हा तिच्यापुढे दोन मार्ग उरतात. एक, काहीच घडले नाही असा बहाणा करून काम चालू ठेवणे आणि बिघडलेल्या स्मृतीतील आकडे तबकडीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, कायमचे उतरू देणे; दुसरा, जागच्या जागी थांबणे, आपली शेवटची अवस्था एका फाइलीत टिपून ठेवणे आणि थांबण्याचे कारण सांगणे. विंडोज दुसरा मार्ग पत्करते. खातेदाराच्या दृष्टीने पाहता हे थांबणे त्रासदायक असले तरी ते त्याच्या हिताचे आहे, कारण बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू करता येते, परंतु कोणाच्याही नकळत बदललेली शिल्लक पुढे कशी शोधावी हा प्रश्न सुटण्यासारखा नसतो.

आता अशी अनधिकृत हाताळणी करण्याची मुखत्यारी ड्रायव्हरपाशी येते कोठून, हे पाहू. इंटेल कंपनीच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये आज्ञांच्या अधिकाराच्या चार पायऱ्या होत्या. डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आणि १९९३ साली बाजारात आलेली विंडोज एनटी ही प्रणाली इतर घडणीच्या प्रोसेसरांवरही चालावयाची होती, आणि त्यांतील काहींत दोनच पायऱ्या होत्या. यास्तव तिने चारांपैकी दोनच वापरल्या. एका पायरीवर आपले नेहमीचे प्रोग्राम चालतात. त्यांपैकी एखादा चुकला तर प्रणाली त्याला काढून टाकते आणि बाकीचा कारभार अबाधित राहतो. दुसऱ्या पायरीवर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, असतो, आणि त्याच्याच मांडीला मांडी लावून, त्याच स्मृतीत, तेच अधिकार घेऊन ड्रायव्हर बसलेले असतात. ड्रायव्हर म्हणजे नेटवर्क कार्ड, छपाईयंत्र, पडदा अशा एकेका उपकरणाशी बोलणारी आज्ञावली. ती बहुधा त्या उपकरणाच्या कारखानदाराने लिहिलेली असते. कर्नेल एकाने लिहिले, ड्रायव्हर दुसऱ्याने. परंतु दोघांना अधिकार मात्र सारखेच, आणि एकाने केलेल्या आगळिकीचे फळ दोघांना मिळून भोगावे लागते.

या सर्व ड्रायव्हरांत नेटवर्कच्या ड्रायव्हरचे जिणे विशेष धकाधकीचे असते. कळफलकावरील अक्षर माणसाच्या बोटाच्या वेगाने येते, आणि तबकडीवरील मजकूर मागितल्यावाचून येत नाही; पण जाळ्यातून येणारी पाकिटे न बोलावता, केव्हाही आणि कितीही येतात. एक गिगाबिट वेगाच्या इथरनेट तारेवरून सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटांची, पाकिटे लागोपाठ आली तर त्यांची संख्या सेकंदाला १४,८८,०९५ पर्यंत जाऊ शकते. इतक्या वेगाने येणारा माल प्रत्येक वेळी प्रोसेसरला विचारून उतरवून घेणे अशक्य असल्याने, कार्ड तो परस्पर स्मृतीत नेऊन ठेवते आणि मागाहून वर्दी देते. त्यातच प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी त्या मालावर काम करीत असतात. मधेच कोणी तार उपसतो, वायफाय एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर जाते, लॅपटॉपचे झाकण मिटून यंत्र झोपी जाते आणि झाकण उघडताच जागे होते. या प्रत्येक स्थित्यंतरात कोणती स्मृती कोणाच्या ताब्यात आहे आणि ती केव्हा मोकळी करावयाची, याचा हिशेब ड्रायव्हरला अचूक ठेवावा लागतो. एका गाभ्याने मोकळी केलेली जागा दुसरा गाभा अजून आपलीच समजून वापरीत असेल, तर ती चूक दहा हजार वेळा खपून जाते आणि एके दिवशी दुपारी, रांग लागलेली असताना, अंगाशी येते.

अशा चुकीची सर्वांत परिचित सही म्हणजे सोळाच्या पायावरील अंकलेखनात ‘डी-१’ असा लिहिला जाणारा स्टॉप कोड, म्हणजे थांबण्याच्या कारणाचा संकेतांक, ज्याचे इंग्रजी नाव ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असे लांबलचक आहे. त्याचा मथितार्थ कठीण नाही. विंडोजमध्ये चालू असलेल्या कामाला तातडीचा एक दर्जा असतो. चौसष्ट-बिट यंत्रांत हे दर्जे शून्यापासून पंधरापर्यंत मोजतात. नेहमीची कामे शून्य दर्जावर चालतात. नेटवर्क कार्डाने दिलेल्या वर्दीची तड लावण्याचे काम बव्हंशी दोन या दर्जावर चालते. या दर्जावर असताना एक निर्बंध कसोशीने पाळावा लागतो: स्मृतीचा जो भाग तबकडीवर हलविलेला असू शकतो, त्याला हात लावावयाचा नाही. कारण तो भाग परत आणावयाचा तर थांबावे लागेल, थांबावयाचे तर पाळी दुसऱ्या कामाला द्यावी लागेल, आणि पाळ्या लावणारी यंत्रणाच त्या दर्जावर अडवून ठेवलेली असते. ड्रायव्हरने मोकळ्या केलेल्या किंवा मुळात कधीच न मिळालेल्या पत्त्यावर या दर्जावरून हात घातला की, कर्नेलला तेथे थांबण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

या कोडासोबत चार आकडे येतात, आणि चौकशीच्या दृष्टीने ते चार आकडे म्हणजे पंचनाम्यातील चार रकाने होत. पहिला, ज्या पत्त्याला हात लावला गेला तो; दुसरा, त्या क्षणी चालू असलेला दर्जा; तिसरा, हात वाचण्यासाठी लावला की लिहिण्यासाठी; आणि चौथा, ज्या आज्ञेने हे कृत्य केले तिचा पत्ता. पहिल्या रकान्यात शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळचा आकडा असेल, तर ड्रायव्हरने रिकामा पत्ता खरा मानून वापरला असा तर्क करावयास जागा असते. आणि चौथ्या रकान्यातील पत्ता स्मृतीत कोणत्या फाइलीच्या हद्दीत पडतो हे पाहिले की, हद्दीच्या मालकाचे नाव समोर येते.

म्हणून तपासाची पहिली पायरी ही की, यंत्राला बोलण्यास अवकाश द्यावा. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या विभागात ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ अशी एक खूण केलेली असते. ती काढली की पडदा स्थिर राहतो आणि कोड उतरून घेता येतो. त्यानंतर यंत्राची रोजनिशी, म्हणजे ‘इव्हेंट व्ह्यूअर’, उघडावी. तेथे ‘कर्नेल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद बहुधा आढळते, आणि तिच्यातील ‘पॉवर’ या शब्दावर भिस्त ठेवून वीजपुरवठ्याचा डबा बदलणारे लोक पुष्कळ आहेत. वस्तुतः ती नोंद एवढेच सांगते की, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद न होता थांबले. का थांबले यावर तिचा अभिप्राय नसतो. कारणाचा धागा ‘बगचेक’च्या १००१ क्रमांकाच्या नोंदीत असतो, जिथे स्टॉप कोड आणि ते चार आकडे नमूद केलेले असतात. विंडोजच्या फोल्डरातील ‘मिनीडम्प’ या पोटफोल्डरात प्रत्येक प्रसंगाची एकेक लहान फाइल जमा होत जाते. जागा वाचविण्याच्या उत्साहात सफाईचे प्रोग्राम चालवून या फाइली पुसून टाकणे, हे पुराव्याचे कागद रद्दीत घालण्यासारखे आहे.

या फाइली वाचण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे विनडीबग हे साधन आहे. त्यात फाइल उघडून विश्लेषणाची आज्ञा दिली की, ते कोसळण्याच्या क्षणी कोणत्या आज्ञावलीने कोणत्या आज्ञावलीला बोलाविले होते, याची शृंखला पुढे ठेवते. नेटवर्कच्या प्रकरणात या शृंखलेत दोन नावे हमखास आढळतात, ‘टीसीपीआयपी.सिस’ आणि ‘एनडीआयएस.सिस’. दोन्ही विंडोजची स्वतःची आहेत, आणि जाळ्यातून येणारे प्रत्येक पाकीट त्यांच्याच हातून जात असल्यामुळे, गुन्हा कोणीही केला तरी ती घटनास्थळी हजर असणारच. निव्वळ हजेरीवरून त्यांना दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्यांच्या आगेमागे कोणत्या परक्या कंपनीची फाइल उभी आहे, ती कोणत्या तारखेची आहे, आणि कार्डाच्या ड्रायव्हरखेरीज अँटिव्हायरसने किंवा व्हीपीएनने मधल्या मार्गावर बसविलेली एखादी चाळणी तेथे आहे काय, हे बारकाईने पाहावे. अशा चाळण्या कर्नेलच्याच अधिकाराने चालतात, पुष्कळदा मूळ प्रोग्राम काढून टाकल्यावरही मागे राहतात, आणि आपले माप कार्डाच्या ड्रायव्हरच्या पदरात घालतात.

एका फाइलीवरून निकाल देणे मात्र सर्वथा टाळावे. चारपाच प्रसंगांच्या फाइली शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. प्रत्येक वेळी कोड तोच, फाइल तीच आणि तिच्यातील जागाही तीच असेल, तर ड्रायव्हरवरील संशय बळकट होतो. याउलट एकदा पडद्याचा ड्रायव्हर, एकदा तबकडीचा, एकदा खुद्द कर्नेल, असे प्रत्येक खेपेस नवे नाव पुढे येत असेल, तर कोणत्याही एका ड्रायव्हरला सुळी न देता स्मृतीच्या पट्ट्या तपासाव्यात. त्यासाठी विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे आणि मेमटेस्ट८६ सारखी स्वतंत्र साधनेही आहेत. कोसळण्याची वेळ आणि निमित्तही टिपून ठेवावे. मोठ्या फाइली जाळ्यावरून हलविताना, यंत्र झोपेतून जागे होताना, किंवा वायफाय तुटून पुन्हा जुळताना जर प्रकार घडत असेल, तर तो योगायोग मानण्यापूर्वी दहादा विचार करावा.

संशय बळावल्यावर प्रयोगाची पाळी येते, आणि प्रयोगाचा एकमेव कायदा असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन नेटवर्क कार्ड काही काळ निष्क्रिय ठेवावे, किंवा नेटवर्कविना ‘सेफ मोड’मध्ये यंत्र चालवून पाहावे; कोसळणे थांबले तर दिशा बरोबर आहे. काम अडू नये म्हणून यूएसबीला लावावयाचे दुसऱ्या बनावटीचे कार्ड तात्पुरते वापरता येते, आणि त्यामुळे प्रयोगही आपोआप साधतो, कारण दुसरे कार्ड म्हणजे दुसरा ड्रायव्हर. अलीकडे अद्ययावत केल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागील आवृत्ती परत आणावी, ड्रायव्हर फारच जुना असेल तर संगणकाच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याकडूनच नवा घ्यावा. कार्डावर छापलेल्या नावापेक्षा त्याच्या ओळखक्रमांकावर विश्वास ठेवावा. त्यात निर्मात्याचा अंक असतो, आणि इंटेलचा अंक त्या कंपनीने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरवरून ८०८६ हाच घेतला आहे. वीज वाचविण्यासाठी कार्ड बंद करण्याची संगणकाला दिलेली मुभा काढून पाहणे, हाही एक साधा आणि कित्येकदा गुणकारी प्रयोग होय. एका दिवशी ड्रायव्हर बदलला, विंडोज अद्ययावत केले, स्मृतीची पट्टी हलविली आणि अँटिव्हायरसही काढला, तर यंत्र बरे झाले तरी ते कशाने बरे झाले हे कोणी सांगू शकत नाही. आणि विंडोज अपडेटने तोच सदोष ड्रायव्हर पुढे परत आणून बसविला, तर तो ओळखूही येत नाही.

एवढ्यानेही निकाल लागला नाही तर विंडोज २००० पासून प्रणालीसोबतच येणारे ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे कठोर साधन उपयोगी पडते. संशयित ड्रायव्हरला ते अशी स्मृती देते की, तिच्या कडेला लागूनच निषिद्ध जागा असावी. मग एका बाइटानेही हद्द ओलांडली की त्याच क्षणी यंत्र थांबते आणि अपराधी हाती सापडतो. एरवी चूक आज होते आणि परिणाम उद्या दिसतो; येथे या दोहोंतील अंतर नाहीसे केले जाते. हे साधन मुद्दाम यंत्र कोसळविणारे असल्याने ते निवडक ड्रायव्हरांवरच लावावे, आधी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, आणि यंत्र सुरूच होईनासे झाले तर सेफ मोडमधून ते कसे रद्द करावयाचे हे पूर्वीच माहीत करून घ्यावे.

या साऱ्या सावधगिरीची आवश्यकता पटवून देणारे एक प्रकरण लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीच्या इतिहासात नमूद आहे. २००८ सालच्या सप्टेंबरात, लिनक्स कर्नेलची २.६.२७ ही आवृत्ती अद्याप चाचणीत असताना, ती चालविणाऱ्या काही लोकांची इंटेलची नेटवर्क कार्डे कायमची निकामी होऊ लागली. एरवी यंत्र कोसळून पुन्हा उठते; येथे मात्र कार्डाच्या अंगच्या कायम स्मृतीतील मजकूरच, ज्यात कार्डाची ओळख आणि मांडणी असते तोच, खराब होत होता. कार्ड ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर चालणारे; ती स्मृती लिहिण्याचे साधनही त्याच्याच हाती; अर्थात संशयाची सुई त्याच्याकडे वळली. लिनक्सच्या काही वितरणांनी तो ड्रायव्हर आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून बंदच करून टाकला, आणि पडद्याचे चित्र रंगविणाऱ्या व्यवस्थेवरही काही काळ संशय घेतला गेला. ऑक्टोबरात खरा कर्ता उघडकीस आला, आणि तो नेटवर्कशी अर्थाअर्थी संबंध नसलेला निघाला.

कर्नेलमधील कोणती आज्ञावली केव्हा चालते याचा माग काढण्यासाठी त्या आवृत्तीत ‘एफट्रेस’ नावाची नवी यंत्रणा आली होती. ती कर्नेलच्या आज्ञांचे पत्ते टिपून ठेवी आणि मागाहून त्या पत्त्यांवर बदल करी. परंतु यंत्र सुरू होतानाच लागणाऱ्या काही आज्ञा काम संपल्यावर पुसल्या जातात आणि त्यांची जागा मोकळी होते. एफट्रेसच्या वहीत मात्र त्या जागेची नोंद तशीच राहिली. पुढे तीच जागा नेटवर्क कार्डाच्या कायम स्मृतीला लावून दिली गेली, आणि एफट्रेसने जुन्या नोंदीवरून तेथे हात घातला. हात घालण्यापूर्वी तेथील मजकूर अपेक्षित तोच आहे ना, याची ती तुलना करीत असे, म्हणून तिच्या कर्त्यांना ती सुरक्षित वाटत होती; पण तुलना करून बदलणारी ती प्रोसेसरची आज्ञा तुलना फसली तरीही त्या जागी एकदा लिहिण्याची क्रिया करतेच. साध्या स्मृतीत याने काही बिघडत नाही, कारण जे होते तेच परत लिहिले जाते; उपकरणाच्या स्मृतीत मात्र लिहिण्याची ती क्रिया हाच एक हुकूम ठरतो. २.६.२७ प्रसिद्ध झाल्यावर पाठोपाठ आलेल्या दुरुस्तीत एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला. ड्रायव्हर मुख्य आरोपातून निर्दोष सुटला. तथापि आपल्या कार्डाची कायम स्मृती त्याने लिहिण्यास खुली ठेवली होती, हा ठपका त्याच्यावर राहिला, आणि ती कुलपात ठेवण्याची तजवीजही त्याच सुमारास केली गेली. दोष जेथे प्रकट होतो तेथेच तो राहतो असे धरून चालणाऱ्याने हे प्रकरण एकदा अवश्य अभ्यासावे.

याचा अर्थ ड्रायव्हर बहुधा निरपराध असतात असा मात्र कोणी करू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अँडी चौ, डॉसन एंग्लर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली लिनक्सच्या आज्ञावलीची यांत्रिक छाननी केली, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नेलच्या मानाने तीन ते सात पट भरले. वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड आणि हेन्री लेव्ही यांनी २००३ च्या आपल्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांच्या खाती टाकले आहेत. याची कारणे उघड आहेत. कर्नेल थोडे लोक लिहितात आणि कोट्यवधी यंत्रांवर एकच कर्नेल चालते, म्हणून त्यातील चुका लवकर चव्हाट्यावर येतात; ड्रायव्हर असंख्य कारखानदारांचे, प्रत्येकाचा ग्राहकवर्ग त्या मानाने लहान, उपकरण बाजारात आणण्याची घाई मोठी, आणि तीन वर्षांनी नवे कार्ड विकावयाचे असल्यामुळे जुन्याच्या डागडुजीत कोणाला स्वारस्य नाही.

यावर तीन दिशांनी उपाय योजले गेले. पहिला, ड्रायव्हरचे अधिकार कमी करावेत. अँड्र्यू टॅननबॉम यांनी २००५ साली जाहीर केलेल्या मिनिक्स ३ मध्ये ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेर, सामान्य प्रोग्रामांच्या पायरीवर ठेवले आहेत. एखादा पडला तर प्रणाली त्याला पुन्हा उभा करते आणि बाकीचे काम चालू राहते. यासाठी वेगाचा काही भाग खर्ची घालावा लागतो, आणि मघाशी सांगितलेल्या चौदा लक्षांच्या आकड्याकडे पाहिले म्हणजे नेटवर्कच्या क्षेत्रात ही किंमत मोजण्यास पुष्कळ जण का कचरतात हे कळते. दुसरा, ड्रायव्हर चालण्यापूर्वीच त्याची तर्कशास्त्रीय तपासणी करावी. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात थॉमस बॉल आणि श्रीराम राजमणी यांनी ‘स्लॅम’ या प्रकल्पात हे करून दाखविले, आणि त्यातून ‘स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन निघाले. तिसरा उपाय सनदेचा: विंडोज व्हिस्टाच्या चौसष्ट-बिट आवृत्तीपासून सही नसलेला ड्रायव्हर कर्नेलमध्ये घेतला जात नाही.

या तिसऱ्या उपायाविषयी अधिक बोलले पाहिजे, कारण त्यावर लोकांचा भरवसा सर्वांत जास्त आणि त्याची व्याप्ती सर्वांत कमी आहे. सही एवढेच सांगते की, ही आज्ञावली अमक्याची आहे आणि वाटेत कोणी तिच्यात फेरफार केलेला नाही. ती सर्व प्रसंगी नीट वागेल, असा दाखला तिच्यात नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या कर्नेलमधील ड्रायव्हरसाठी एक सदोष माहितीफाइल जगभर धाडली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लक्ष विंडोज यंत्रे कोसळली. ड्रायव्हर नेटवर्क कार्डाचा नव्हता आणि त्यावर सहीही होती. त्याने वाचलेल्या माहितीवर मात्र सहीचा काही अंमल नव्हता. त्या दिवशी आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, आणि यंत्रे पूर्ववत करण्यासाठी ठिकठिकाणी माणसांना एकेका यंत्रापुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल पुसावी लागली. ज्याच्या हाती गाभ्याची मुखत्यारी आहे त्याच्याकडून ओळखीच्या दाखल्याखेरीज वर्तनाचाही हिशेब घेतला पाहिजे, हा त्या दिवसाचा धडा आहे.

आपण तर कर्नेलही लिहीत नाही आणि ड्रायव्हरही नाही; मग आपले कर्तव्य कोणते, असा प्रश्न येथे बसलेल्या शाळांच्या, ग्रंथालयांच्या आणि सहकारी संस्थांच्या चालकांच्या मनात उभा राहिला असेल. त्याचे उत्तर मी तीन कलमांत देतो. पहिले कलम, प्रत्येक संस्थेत संगणकाची एक वही असावी, आणि यंत्र कोसळले की तारीख, वेळ, चालू असलेले काम, स्टॉप कोड आणि नंतर केलेला एकमेव बदल तिच्यात लिहिला जावा. ही वही मिनीडम्पच्या फाइलींसह दुरुस्तीच्या माणसाच्या हाती दिली, तर त्याचे अर्धे काम झाल्यासारखे होईल. दुसरे, खरेदीच्या करारात यंत्राच्या किमतीबरोबर त्याच्या ड्रायव्हरांची डागडुजी किती वर्षे होत राहील हे लेखी मागितले जावे, कारण आज ते कोणी मागत नाही म्हणूनच कोणी देत नाही. तिसरे, निदान झाल्यावर ते आपल्यापुरते न ठेवता निर्मात्यास कळवावे. विंडोज कोसळल्यावर तयार होणारा अहवाल, त्यात संस्थेची गुपिते जाणार नाहीत याची खात्री करून, पाठविण्यास हरकत नसावी, कारण शेकडो ठिकाणचे तसले अहवाल एकत्र आले म्हणजेच कारखानदाराला दोष नाकारता येत नाही.

दुरुस्तीच्या माणसाविषयीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. आपल्याकडे त्याची परीक्षा तो किती झटपट यंत्र चालू करतो यावरून केली जाते, आणि या घाईपायीच तो पुरावा वाचण्याऐवजी विंडोज नव्याने टाकण्याचा सोपा मार्ग पत्करतो. त्यामुळे लक्षण तात्पुरते नाहीसे होते, कारण तसेच राहते, आणि महिन्याभराने त्याच यंत्रापुढे तोच माणूस त्याच कामासाठी पुन्हा बसतो. जो कारागीर ‘अजून कारण सापडले नाही, मला दोन दिवस फाइली पाहू द्या’ असे म्हणतो, त्याला वेळ देण्याचे आणि त्या वेळेचे मोल देण्याचे औदार्य संस्थांनी दाखविले पाहिजे. यंत्र पुन्हा चालू करणे ही त्या दिवसाची सोय होय. ते का थांबले हे पुराव्यानिशी ठरवून, तो निर्णय लिहून ठेवून आणि जबाबदार माणसापर्यंत पोहोचवून मग ते चालू करणे, ही त्यावर विसंबून असलेल्या सर्व लोकांप्रति आपली बांधिलकी होय.